पेढीची स्मरणवही

बँकेत कर्जविभाग सांभाळीत असताना एका जुन्या व्यापारी पेढीचे खाते माझ्याकडे होते. पेढीचे वृद्ध दिवाणजी अकस्मात निवर्तले. हिशेब चोख होते, तरीही मालक असलेले दोघे बंधू माझ्यासमोर हताश होऊन बसले. कोणत्या गिऱ्हाइकाला तोंडी किती दिवसांची सवलत दिली आहे, कोणाकडून बाकीची लेखी कबुली घ्यायची राहिली आहे, गोदामाचा विमा केव्हा संपतो, हे कोठेच लिहिलेले नव्हते. पुढे एक मोठी उधारी मुदतबाह्य झाल्याचे उघडकीस आले आणि ती बुडालीच.

1963 च्या मुदत कायद्यानुसार उधार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी 3 वर्षांच्या आत दावा करावा लागतो. मात्र ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी बाकी मान्य केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. एका कागदाचे मोल हे असे असते.

बँकेत अशा कागदांसाठी मुदतीची डायरी ठेवीत असू. बदली झाली की पदभार लेखी सोपवावा लागे. त्यामुळे माणूस गेला तरी काम अडत नसे. आपल्या पेढ्यांत मात्र भाव ठरल्याचे निरोप थोरल्या भावाच्या मोबाइलमध्ये, वाहतुकीचा तपशील गोदामात, कराचे कागद सल्लागाराकडे आणि गिऱ्हाइकाची पत दिवाणजींच्या स्मरणात असते.

यासाठी एक स्मरणवही पुरेशी आहे. तिचे तीन भाग करावेत: गिऱ्हाइकवार ठराव, महिनावार मुदती आणि कोणता कागद कोणत्या कपाटात वा संगणकात आहे त्याची यादी. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, हेही त्या यादीत नोंदवावे. दर शनिवारी सर्वांनी पंधरा मिनिटे बसून ही वही वाचावी. अधूनमधून घरातील धाकट्या मुलाला एखादा कागद शोधावयास सांगावे. त्याला तो सापडला नाही, तर नोंद अपुरी आहे असे समजावे.

जुन्या माणसांकडून माहिती घेताना मात्र जपावे. आपली गरज संपली, अशी शंका त्यांच्या मनात येऊ शकते. धाकट्यांनी त्यांच्याशेजारी बसून आदराने विचारावे आणि टिपून घ्यावे.

येत्या दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा हिशेबाच्या वह्यांशेजारी हीही एक वही असू द्यावी.