‘करण्यात आले’, पण कोणी?

‘येणे’ हे मराठी मूल फार लवकर शिकते. पाहुणे येतात, पाऊस येतो, ताप येतो, आठवण येते. वर्तमानपत्रात मात्र हे क्रियापद बहुधा दुसऱ्या क्रियापदाचा हात धरून येते. आम्हा एकोडीकरांच्या वाट्याला येणारे भंडारा जिल्ह्याचे पान उघडावे, तर अटक करण्यात आली, धानाची खरेदी सुरू करण्यात आली, चुकारे देण्यात येतील, गोसेखुर्दचे दरवाजे उघडण्यात आले, अशी वाक्ये ओळीने भेटतात. या लेखाचा विषय हा दुसरा ‘येणे’ आहे.

रचना सोपी आहे. ‘करणे’चे ‘करण्यात’ असे सप्तमीचे रूप घ्यायचे आणि पुढे ‘येणे’ चालवायचे. कर्त्याचे नाव न घेता काम सांगण्याची ही सोय इंग्रजीच्या नादाने आली, असे सरसकट म्हटले जाते. पण कर्मणी प्रयोग मराठीला परका नाही. जुन्या भाषेत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशी रूपे होती आणि व्याकरणात त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. तेव्हा या रचनेला केवळ परकी म्हणून हाकलता येणार नाही. ती काय करते, ते पाहिले पाहिजे.

तिची एक अट आहे. ‘वादळात झाडे पाडण्यात आली’ असे कोणी लिहीत नाही. ‘रस्त्यासाठी झाडे तोडण्यात आली’ असे लिहितात. म्हणजे या रचनेला जाणूनबुजून काम करणारा माणूस लागतो. तो आहे हे वाक्याला ठाऊक असते, फक्त त्याचे नाव सांगणे सक्तीचे नसते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडले गेले, इकडे गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले गेले आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्यात गेली. ही घटना तीन प्रकारे सांगता येते. ‘पूर आला’ : येथे ‘येणे’ एकटे आहे आणि सारे काही नदीने केले. ‘पाणी सोडण्यात आले’ : येथे माणसाचा हात कबूल आहे, पण तो कोणाचा ते कळत नाही. ‘अमुक विभागाने अमुक वाजता पाणी सोडले’ : येथे विचारायचे कोणाला, हे वाचकाला कळते. पाणी तेवढेच असते, जबाबदारी मात्र वाक्यागणिक बदलते.

मग बातमीदाराला दुसऱ्या वाक्याची सवय का? एक मोठे कारण सरकारी कागदात सापडते. शासन निर्णयाचे ठरलेले वाक्य ‘मान्यता देण्यात येत आहे’ असे असते. तेथे ते खटकत नाही, कारण खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहून अधिकाऱ्याची सही असते. कर्ता वाक्यात नसला तरी कागदावर असतो. बातमीत वाक्य जसेच्या तसे उतरते आणि सही मागे राहते.

सगळीकडे कर्ता हवाच, असा हट्ट मी धरणार नाही. ‘आरोपीला अटक करण्यात आली’ यात पोलीस गृहीतच आहेत. ‘पीडितेला रुग्णालयात दाखल करण्यात आले’ येथे कोणी दाखल केले हे सांगितले, तर तिची ओळख उघड होऊ शकते. अशा जागी मौन हेच योग्य.

पण हे मौन सर्वांसाठी सारखे नसते. सभामंडपाचे ‘लोकार्पण करण्यात आले’ की लगेच ‘यांच्या हस्ते’ येते आणि मागून प्रमुख उपस्थितीतली नावे येतात. रचना तीच, तरी कर्त्याला जागा मिळते. रस्त्याचे काम ‘थांबविण्यात आले’, अनुदान ‘रोखण्यात आले’, तेव्हा मात्र ‘हस्ते’ कोणाचेच नसतात. म्हणजे दोष व्याकरणाचा नाही. कर्त्याची जागा रचनेत आहे. ती श्रेयाच्या वेळी भरली जाते आणि जाब द्यायच्या वेळी रिकामी राहते.

याची झळ भाषेच्या अभ्यासकापेक्षा धान विकणाऱ्याला अधिक लागते. आमच्याकडे आधारभूत किमतीची खरेदी पणन महासंघाच्या वतीने स्थानिक संस्थांच्या केंद्रांवर होते. ‘चुकारे लवकरच देण्यात येतील’ हे वाचून शेतकऱ्याने कोणाचे दार ठोठवायचे? संस्थेचे, महासंघाच्या जिल्हा कार्यालयाचे की मंत्रालयाचे? ‘लवकरच’ला तारीख नाही आणि ‘देण्यात येतील’ला माणूस नाही.

म्हणून बातमी वाचताना प्रत्येक ‘करण्यात आले’पुढे पेन्सिलीने ‘कोणी?’ लिहून पाहावे. उत्तर त्याच बातमीत किंवा सर्वांच्या माहितीत सापडले, तर वाक्य ठीक आहे. सापडले नाही, तर बातमी अर्धी आहे असे समजावे आणि उरलेला अर्धा भाग संपादकांना पत्र लिहून मागावा. ‘येणे’ला घालवायची गरज नाही, त्याच्यासोबत कोण आले, एवढे विचारत राहावे.