शोधनिबंध कोठे छापावा?

पदोन्नतीची वाट पाहणाऱ्या प्राध्यापकांना एक गोड ई-मेल हमखास येते : ‘आपला निबंध पाठवा, तीन दिवसांत प्रसिद्ध करू.’ खाली शुल्काचा आकडा, वर ‘आंतरराष्ट्रीय’ हे बिरुद आणि आयएसएसएन क्रमांक. मग शंका कशाला घ्यायची?

आधी तो क्रमांकच पाहू. १९३२ पासून बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’चा क्रमांक आहे ००११-३८९१. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६ असे २ पर्यंत गुणून बेरीज केली की ६५ येतात. त्यांत शेवटचा १ मिळवला, की ११ ने निःशेष भाग जातो. अंक लिहिताना झालेली चूक पकडण्याची ही युक्ती (वर्गात जरूर करून पाहा). परंतु हा क्रमांक ओळखीपुरता असतो. गाडीच्या नंबरावरून चालकाचे कौशल्य कळत नाही, तसेच हे.

खरा प्रश्न असा, की छापण्यापूर्वी विषयातला जाणकार निबंध वाचतो का? जॉन बोहॅनन या पत्रकाराने हे तपासण्यासाठी एक बनावट निबंध रचला. दगडफुलासारख्या शैवाकातील एक रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो, असा त्यात दावा होता. गफलत ढोबळ होती. औषध दिलेल्या पेशींवर किरणांचा मारा केला होता, तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींवर मात्र नाही. मग पेशी रोखल्या त्या औषधाने की किरणांनी? हा प्रश्न दहावीचा विद्यार्थीही विचारील. हा निबंध ३०४ नियतकालिकांकडे गेला. ‘सायन्स’मध्ये २०१३ साली हकिकत छापून येईपर्यंत १५७ जणांनी तो स्वीकारला होता, ९८ जणांनी नाकारला होता. स्वीकारणाऱ्यांत नामांकित प्रकाशकांचीही नियतकालिके होती!

याद्यांवरही विसंबता येत नाही. विद्यापीठांच्या शिफारशींवरून अनुदान आयोगाच्या यादीत आलेली १००९ नियतकालिके पुण्यातील अभ्यासकांनी तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला : प्राथमिक कसोट्यांना उतरली जेमतेम ११२. पुढची ‘केअर’ यादी आयोगाने २०२५ मध्ये बंदच केली.

तेव्हा जुने दोन-तीन अंक स्वतः वाचावेत. निबंध आपल्या विषयाचे आहेत का? संपादक मंडळातील एखाद्याला पत्र लिहून विचारावे. आपले नाव तेथे आहे हे त्याला ठाऊकच नसते, असेही घडते. शुल्क किती व केव्हा, हे आधी लेखी मिळवावे. घाई करू नये, कारण एकदा छापलेला निबंध चांगली नियतकालिके पुन्हा स्वीकारत नाहीत.