चेतावृद्धी घटक आणि प्रतिरक्षा पेशी

चेतावृद्धी घटक अथवा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, संक्षेपाने एनजीएफ, हे चेतापेशींची वाढ व जोपासना करणारे प्रथिन आहे. नावावरून त्याचे कार्य चेतासंस्थेपुरते मर्यादित वाटते. प्रत्यक्षात अनेक प्रतिरक्षा पेशी या प्रथिनाला प्रतिसाद देतात आणि त्यांपैकी काही ते स्वतः तयारही करतात. त्यामुळे ते दोन्ही संस्थांमधील सामाईक संदेशवाहक मानले जाते.

शोध

इटालियन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील सेंट लुईस येथे या घटकाचे अस्तित्व दाखवून दिले. उंदरातील अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या गर्भावर रोपित केल्यास चेतातंतूंची विपुल वाढ होते, असे त्यांना आढळले. पुढे स्टॅन्ली कोहेन यांना सापाच्या विषात व उंदराच्या लाळग्रंथींत हा घटक मोठ्या प्रमाणात मिळाला. दोघांना १९८६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

प्रतिरक्षा पेशींवरील परिणाम

एनजीएफ पेशीपृष्ठावरील ग्राहींशी जोडला जातो. त्यांपैकी ट्रक-ए हा प्रमुख ग्राही होय.

मास्ट पेशी : नवजात उंदरांना एनजीएफ टोचल्यास त्यांच्या ऊतींमधील मास्ट पेशींची संख्या वाढते, हे आलोए व लेव्ही-मोंताल्चिनी यांनी १९७७ मध्ये दाखविले. या पेशींत हिस्टामिनचे कण साठविलेले असतात व एनजीएफमुळे ते बाहेर पडू शकतात. मास्ट पेशी स्वतःही एनजीएफ स्रवतात. त्याने जवळची चेताग्रे अधिक संवेदनक्षम होतात आणि दाहाबरोबर वेदनाही वाढते.

बी लसीकापेशी : पूर्वी येऊन गेलेल्या रोगजंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी एनजीएफ तयार करतात व त्याच्याच आधारे तगून राहतात.

मोनोसाइट : या पेशींवरील प्रयोगांत एनजीएफ दाहाला आवर घालतो, असेही दिसून आले आहे. म्हणजेच त्याचा परिणाम पेशीच्या प्रकारावर व परिस्थितीवर अवलंबून असतो.

वैद्यकीय महत्त्व

दमा व इतर ॲलर्जीजन्य विकारांच्या रुग्णांच्या रक्तात एनजीएफचे प्रमाण वाढलेले आढळते. एनजीएफला रोखणारे टॅनेझुमॅब हे प्रतिपिंड संधिवाताच्या वेदनेवर गुणकारी ठरले. मात्र काही रुग्णांचे सांधे वेगाने झिजल्याने २०१० मध्ये अमेरिकेत त्याच्या चाचण्या थांबविण्यात आल्या. त्या पुढे पुन्हा सुरू झाल्या, तरी २०२१ मध्ये त्याचा विकास सोडून देण्यात आला. याउलट, सेनेगर्मिन या थेंबांद्वारे एनजीएफ डोळ्यास पुरविला जातो. चेतातंतूंना इजा झाल्याने स्वच्छमंडलावर होणाऱ्या जखमांसाठी त्यास युरोपीय संघात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.