वाक्याच्या शेवटचा ‘ना’

‘आज थंडी फार आहे’ एवढे म्हणून कॅनडातील माणूस अनेकदा थांबत नाही, शेवटी ‘एह?’ असा छोटासा उच्चार जोडतो. त्याला माहिती नको असते, ऐकणाऱ्याचा दुजोरा हवा असतो. मराठीत हेच काम ‘ना’ करतो. ‘येणार?’ हा निव्वळ प्रश्न, ‘येणार ना?’ यात होकाराची अपेक्षा असते.

या ‘ना’चा सख्खा शेजारी बडोद्यात भेटतो. गायकवाडांच्या या राजधानीत मराठी आणि गुजराती अठराव्या शतकापासून एकत्र नांदत आहेत. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ मध्ये मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. मराठीतील ‘याल ना?’ गुजरातीत ‘आवशो ने?’ होते, तर ‘बसा ना’ हा आग्रह ‘बेसो ने’ असा होतो. मात्र ‘रामाने’मधील मराठी ‘ने’ कर्ता दाखवतो आणि गुजराती ‘रामने’ म्हणजे ‘रामाला’. त्यामुळे दोन भाषांत वावरणाऱ्याला ‘ने’चा अर्थ त्याच्या जागेवरून व स्वरावरून ओळखावा लागतो.

गोव्यातील कोकणीत हाच दुजोरा ‘मरे’ मागतो. स्त्रीशी बोलताना ‘मगो’ येतो.

औपचारिक लेखनात ‘ना’ला सहसा स्थान नसते. परंतु मोबाइलवरच्या संदेशात स्वर ऐकू येत नाही. तेथे ‘उद्या या’ हा हुकूम वाटू शकतो; ‘उद्या या ना’ ही विनंतीच राहते.