गुप्तरोग निदान, स्त्रियांतील : नमुना संकलन

लैंगिक संबंधातून संक्रामित होणाऱ्या रोगांच्या निदानासाठी स्त्रीच्या जननमार्गातील स्राव व कोशिका, तसेच मूत्र वा रक्त विशिष्ट रीतीने घेण्याची क्रिया. स्त्रियांत हे रोग पुष्कळदा लक्षणांवाचून राहतात. उपचाराअभावी वंध्यत्व किंवा गर्भाशयबाह्य गर्भधारणा संभवते. नमुना चुकीच्या जागेचा असल्यास रोग असूनही परीक्षा नकारात्मक येते.

जागेची निवड रोगकारकाच्या वसतिस्थानावर अवलंबून असते. परम्याचे गोलाणू व क्लॅमिडिया गर्भाशय ग्रीवेच्या नालातील उपकलेत वाढतात. योनिदर्शकाने ग्रीवा दृष्टीस आणून, वरचा श्लेष्मा पुसून, निर्जंतुक बोळाकाडी नालात फिरवितात. क्लॅमिडिया कोशिकेच्या आतच वाढत असल्याने नमुन्यात केवळ स्राव असून भागत नाही, कोशिकाही याव्या लागतात. परम्याच्या संवर्धनासाठी नमुना लगेच संवर्धकावर पसरतात. तो शीतकपाटात ठेवीत नाहीत. ट्रिकोमोनास या आदिजीवासाठी योनिस्राव लवण विद्रावात मिसळून तत्काळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; विलंब झाल्यास त्याची हालचाल थांबते व तो ओळखता येत नाही. उपदंशात व्रणातील लस कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकाने तपासतात. एरवी रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा करतात.

न्यूक्लिइक अम्ल विवर्धन परीक्षांमुळे, परमा व क्लॅमिडिया यांच्या निदानासाठी, स्त्रीने स्वतः घेतलेला योनिस्राव ग्रीवेतील नमुन्याइतकाच विश्वसनीय ठरला आहे. मूत्र घ्यावयाचे झाल्यास, किमान १ तास लघवी न करता, पहिल्या धारेचे २० ते ३० मिलि. घेतात, मधली धार निरुपयोगी होय. मूत्रात काही रोगी मात्र निसटतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे गांभीर्य राणी व अभय बंग यांच्या गडचिरोली जिल्ह्यातील पाहणीने (१९८९) उघड केले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ९२% स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८% होत्या. किल्लारीशेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यातील एका गटात प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांनी ग्रीवेतील कोशिका घेतल्या व मानवी पॅपिलोमा व्हायरसासाठी त्यांची परीक्षा झाली. तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेने त्या गटातील ग्रीवा कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्मे झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

नमुना घेण्यापूर्वी स्त्रीची संमती, एकांत व गुप्ततेची हमी अत्यावश्यक असते. त्यांच्या अभावी स्त्रिया तपासणीस येतच नाहीत.