कावळा, बांगड्या आणि कॅमेरा

विषय कळल्यावर एका आजोबांनी मला विचारलं, "हसनाबादेत येऊन मयतीवर बोलणार का तुम्ही?" हो, मयतीवरच बोलायचंय. पण सुरुवात जरा लांबून, स्पेनपासून करू.

1933 साली लुईस बुन्युएल या दिग्दर्शकाने स्पेनमधल्या लास उर्देस या डोंगराळ, अतिशय गरीब भागावर एक माहितीपट केला. जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यात एका तान्ह्या मुलाची अंत्ययात्रा आहे. जवळ दफनभूमी नाही, म्हणून ते इवलंसं प्रेत काठवटीसारख्या लाकडी भांड्यात ठेवून नदी पार करतात. शेवटी एक म्हातारी रात्री घंटा वाजवत गल्लीतून फिरते. बघताना अंगावर काटा येतो. स्पेनच्या सरकारने त्यावर बंदी घातली होती.

पण यात एक गोम आहे. एका दृश्यात शेळी कड्यावरून कोसळते. निवेदक सांगतो, शेळी अशी पडून मेली तरच या लोकांना मटण मिळतं. नीट पाहिलं, तर चौकटीच्या कडेला बंदुकीचा धूर दिसतो! म्हणजे शेळी पडलेली नाही, पाडलेली आहे.

आणि ती घंटा? लास उर्देसच्या शेजारी ला आल्बेर्का नावाचं गाव आहे. तिथे रोज संध्याकाळी एक बाई घंटा वाजवत फिरते आणि मृतात्म्यांसाठी प्रार्थना करायला सांगते. आपण पितरांसाठी घास काढून ठेवतो, तसंच हे. गावाला त्यात भीती वाटत नाही. कॅमेऱ्याने रीत दाखवली, पण तिचा अर्थ बाहेरच ठेवला, की उरतं ते भय.

आता समजा, तोच कॅमेरा आपल्याकडच्या दहाव्याला नदीवर लावला. काय दिसेल? डोकी भादरलेले पुरुष, जपून ठेवलेला जीवखडा, भाताचा पिंड आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेली माणसं. कावळा शिवत नाही. मग थोरला भाऊ पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्याने म्हणतो, "पोरीच्या लग्नाची काळजी करू नको, आम्ही आहोत." परक्या माणसाला हा वेडेपणा वाटेल.

पण तिथे ऐकतंय कोण? कावळा नव्हे, भाऊबंद, सोयरे, अख्खं गाव ऐकतंय. मागे राहिलेल्यांची जबाबदारी कुणाची, हे चारचौघांत ठरतंय. तोंडातून निघालेला शब्द पुढे फिरवणं सोपं नसतं. कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. म्हणजे सुटकेची वाटही रीतीतच ठेवलेली आहे. सुतकातलं शेजाऱ्यांकडून येणारं जेवण घ्या, दुखवट्याचे कपडे घ्या. दुःखातल्या घराला एकटं पडू द्यायचं नाही, ही त्यामागची सोय.

मग सगळ्या रीती चांगल्याच का? नाही. इथेच खरं बोलायला हवं. त्याच अंगणात, प्रेत उचलायच्या आधी, त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढतात. हे कुणाची सोय करतं? कुणाचीच नाही. आधार द्यायच्या क्षणी तिला अशुभ ठरवून बाजूला बसवलं जातं. आणि गंमत बघा, कावळ्याला अंधश्रद्धा म्हणून हसणारे आपण याकडे मात्र मान खाली घालून पाहतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. पण परिपत्रक अंगणात येऊन कुणाचा हात धरत नाही. तो घरातल्याच कुणीतरी धरावा लागतो.

म्हणून रीत अंगावर काटा आणते का, हा प्रश्न कच्चा आहे. ती जिवंत माणसाला सावरते की मोडते, हे विचारा. पुढच्या मयतीला कावळ्याची वाट जरूर बघा. पण त्याआधी, बांगड्यांकडे जाणारा हात दिसला, तर "थांबा" म्हणा. एवढा एक शब्द पुरतो.