फार्सी जगताचे लघुनकाशे : संग्रह व कालनिर्णय

कोल्हापूरजवळील पन्हाळगडाच्या तीन दरवाजावर आदिलशाही काळातील फार्सी शिलालेख आहे. इराणची सीमा येथून फार दूर. तथापि दरबारी भाषा, शिष्टाचार व व्यापार या नात्यांनी सोळाव्या शतकातील दख्खनचा प्रदेश फार्सी जगताचाच एक भाग होता. युरोपात त्याच सुमारास छापल्या गेलेल्या लघुनकाशांत मात्र हे जगत इराण व हिंदुस्थान अशा स्वतंत्र पानांवर विभागलेले आढळते. संग्राहकाने केवळ इराणचे पान मिळविल्यास त्याच्या हाती सफवी राज्य येते, फार्सी जगत नव्हे.

या नकाशांचा उगम छोट्या आकाराच्या नकाशाग्रंथांत आहे. अब्राहम ऑर्टेलियस याचा मूळ ग्रंथ १५७० मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला. तो अवजड व महाग होता. फिलिप गाले याने १५७७ मध्ये त्याची लहान आवृत्ती काढली. पुढे १५९८ मध्ये लांगेनेसचा व १६०७ मध्ये होंडियसचा लघुग्रंथ आला.

कालनिर्णय हा या संग्रहातील सर्वांत अवघड भाग होय. नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरले जात आणि तोच पत्रा पुढील आवृत्त्यांसाठी पुनःपुन्हा वापरला जाई. उदाहरणार्थ, होर्मुझ बंदर घ्यावे. दख्खनच्या सुलतानांना व विजयनगरला लागणारे घोडे येथूनच जहाजांत चढत. १५१५ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेले हे बेट १६२२ मध्ये शाह अब्बासच्या सैन्याने इंग्रज जहाजांच्या साहाय्याने जिंकले आणि व्यापार समोरच्या किनाऱ्यावरील बंदर अब्बासकडे वळला. नकाशात बंदर अब्बास हे नाव असेल तर तो १६२२ नंतरचा, हे निश्चित. ते नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण छाप जुन्या पत्र्याची असू शकते. अशा वेळी पानाच्या पाठीवरील मजकूर, त्याची भाषा व पृष्ठक्रमांक यांवरूनच आवृत्ती ओळखता येते.

म्हणूनच ग्रंथ फोडून सुटी पाने विकण्याची प्रथा अभ्यासाच्या दृष्टीने घातक आहे. चौकटीत चिकटविलेल्या पानाची पाठ तर कायमची झाकली जाते. शोभेसाठी मागाहून भरलेले रंग हा आणखी एक उपद्रव. ग्राहकाला मात्र नेमके तेच आवडतात!

युरोपीय पानांशेजारी ठेवून पाहावा असा एक नकाशासंग्रह हिंदुस्थानातच तयार झाला. सादिक इस्फहानी याने १६४७ मध्ये जौनपूर येथे पूर्ण केलेल्या 'शाहिद-इ-सादिक' या फार्सी ग्रंथात वस्ती असलेल्या जगाचे नकाशे आहेत. अक्षांश-रेखांशांच्या चौकटींत स्थळनामे मांडलेल्या या नकाशांत इराण व हिंदुस्थान एकाच जाळीत बसतात.

भारतातील संग्राहकाने १९७२ चा पुरावस्तू कायदाही ध्यानात घ्यावयास हवा. ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित, खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही.